मडक्यावरची रेघ कुणाची?

मंडळी, परवा फेब्रुवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा एक वाडगा केला. विकत घेतला नाही, केला! लोणावळ्यात वीकांताला मातीकामाची कार्यशाळा असते असं जालावर वाचलं, बायको म्हणाली जाऊया, मी म्हटलं सोमवारी रिलीज आहे, ती म्हणाली म्हणूनच जाऊया. (लग्न झालेल्यांना पुढचं सांगायला नको.) शनिवारी सकाळची लोकल पकडली आणि दहाच्या ठोक्याला आम्ही दोघं ॲप्रन बांधून चिखलात हात घालून बसलो. माणशी २,४०० रुपये, चहा-पोहे धरून.

वाडगा कसा झाला ते विचारू नका. आईने तो हातात घेऊन "ॲश ट्रे आहे का रे हा?" असं विचारलं, आणि आमच्या घरात सिगारेट कुणीही ओढत नाही. असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. दिवसाच्या शेवटी शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकाच्या हातात एक दाभण दिलं आणि म्हणाल्या, "आता उलटा करा आणि बुडाला आपलं नाव कोरा." आम्ही बारा जण होतो. बाराही जणांनी जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून नाव कोरलं. दोघांनी तर तारीखही टाकली. मीही कोरलं. आणि कोरता कोरता मला डिसेंबर-जानेवारीतला माझाच एक पराक्रम आठवला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

झालं होतं असं. संक्रांतीला ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एक सुगड आणि त्यात तिळगूळ ठेवायचा, अशी टूम निघाली. कल्पना माझीच, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात. एका मित्राचं घर मावळात आहे, त्याच्या ओळखीने गावातल्या कुंभार मावशींना १५० सुगडांची ऑर्डर दिली. वीस रुपये नग. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मी पडलो इंजिनिअर. लॅपटॉपवर बसून एक डिझाइन केलं. गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा, मध्ये नागमोडी रेघ, तिच्या प्रत्येक वळणात एक ठिपका, एकूण सात. त्याची रंगीत प्रिंट काढून मावशींना नेऊन दिली. "मावशी, सगळी अश्शीच पाहिजेत बरं का. एकसारखी." मावशींनी कागद उलटसुलट पाहिला, कोनाड्यात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं दादा."

जानेवारीत आणायला गेलो. पहिली आठदहा सुगडं बरहुकूम होती. पुढे नागमोडी रेघ हळूहळू सैल होत गेलेली. काहींवर तिच्या लाटा झाल्या, काहींवर पानं. ठिपके कुठे पाच, कुठे नऊ. शिवाय प्रत्येकाच्या गळ्याशी एका बाजूला बोटाने दाबल्यासारखे तीन खळगे. मी मावशींच्या अंगणात चक्क क्यूए करायला बसलो हो! एकेक सुगड हातात घ्यायचं, कागदाशी ताडायचं, पास किंवा फेल. ठिपक्यांकडे कानाडोळा केला, खळगे सगळ्यांवरच होते म्हणून सोडून दिले, तरीही ३२ सुगडं बाजूला काढली आणि ११८ चे पैसे दिले. म्हणजे ६४० रुपये वाचवले. त्याच रात्री तिघा मित्रांच्या जेवणाचं बिल त्याच्या चौपट झालं होतं, तिथे मी क्यूए केला नाही.

मावशी भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, हात हाय ह्यो. छाप न्हाई."

तेव्हा मला ते नुसतंच मजेशीर वाक्य वाटलं. त्याचा अर्थ कळायला २,४०० रुपये मोजून लोणावळ्याला जावं लागलं. (११८ सुगडांचे मी दिलेले पैसे २,३६०. म्हणजे माझ्या एका ॲश ट्रेपेक्षा चाळीस रुपये कमी. हा हिशेब मी लोकलमध्ये केला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.)

तर कार्यशाळेत काय कळलं? एक म्हणजे मातीवर रेघ मारायलाही वेळ साधावी लागते. माती ओली असेल तर दाभणाच्या दोन्ही बाजूंना चिखलाचा काठ उभा राहतो आणि भांडं दबतं. फार वाळली तर रेघ निघतच नाही, टवका निघतो. मधली एक अवस्था येते, माती जाड चामड्यासारखी लागते, हात लावला तर थंड, पण बोटाचा ठसा उमटत नाही. तेवढ्या काही तासांतच कोरायचं. उठावाचं काम आणखी अवघड. वेल, नाग, नाक, कान असं काही वर चिकटवायचं तर भांडं आणि चिकटवायची माती यांचा ओलावा सारखा हवा. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मध्ये पातळ मातीची रबडी लावायची आणि दाबायचं. माती वाळताना आकसते. वरचा भाग जास्त ओला राहिला तर तो जास्त आकसतो आणि तडकून सुटतो. मी वाडग्याला एक मासा चिकटवला होता. त्याने दुपारी चार वाजता राजीनामा दिला.

आणि इथे कंट्रोल-झेड नाही. भाजण्याआधी वाळलेलं भांडं मोडून पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल होतो, तेवढी एक सोय. पण भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. मारलेली रेघ राहिली ती राहिली. मावशींच्या पांढऱ्या रेघा भाजल्यावर चुन्याने काढलेल्या, पण हात तोच आणि न थांबता चालणारा. दीडशे सुगडांवर न थांबता रेघ मारणाऱ्या हाताला शंभराव्या सुगडाला नागमोडीची लाट करावीशी वाटली, तर तो बग कसा? पण आमचं प्रशिक्षणच असं की, स्पेसिफिकेशनमध्ये नाही ते सगळं डिफेक्ट.

आणखी एक. ही नक्षी नुसती शोभेची असते असं आपण धरून चालतो, तेही तितकंसं खरं नाही. मोठा रांजण एका दमात उभा राहत नाही. थोडा वाढवायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा भाग चढवायचा. त्या जोडावर बाहेरून मातीची पट्टी लावून ती बोटाने ठेचत नेली की जोड पक्का होतो, उचलताना हाताला पकडही मिळते. आपल्याला दिसते ती दोरीसारखी नक्षी. जपानात दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीपासून चाकाशिवाय, नुसत्या हाताने घडवलेली भांडी सापडतात. त्या काळाचं नावच 'जोमोन', म्हणजे दोरीचे ठसे. ओल्या मातीवर दोरी दाबून काढलेल्या नक्षीवरून एका अख्ख्या युगाचं नाव पडलं. भांडी करणाऱ्यांपैकी मात्र एकाचंही नाव माहीत नाही.

आणि मी? पहिल्या वाडग्यावर नाव कोरून बसलो होतो.

रात्री लोणावळ्यातच राहिलो आणि रविवारी सकाळी कार्ल्याला गेलो. शाळेच्या सहलीत एकदा पाहिलं होतं, तेव्हा लक्ष पायऱ्यांकडे आणि नंतरच्या वडापावकडे होतं. या वेळी मातीच डोक्यात होती म्हणून असेल, चैत्यगृहात शिरलो आणि पहिल्यांदा खांबांच्या तळाकडे पाहिलं. खांब मडक्यात उभे आहेत! पायऱ्यापायऱ्यांची बैठक, तिच्यावर दगडात कोरलेला गोल गरगरीत घट, आणि त्या घटातून अष्टकोनी खांब वर गेलेला. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब असे आहेत. स्तूपामागचे सात साधे, त्यांना ना घट ना वरची शिल्पं. कामशेतहून जवळ असलेल्या बेडशालाही व्हरांड्यातले खांब असेच घटातून उगवतात. भाजे या दोघांपेक्षा जुनं, तिथले खांब मात्र नुसतेच आत कललेले, मडकं नाही. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या मावळात कुणाला तरी वाटलं की, खांबाचा पाय दाखवायचा तर मडक्यासारखा दाखवावा. घराघरात जे भांडं होतं, तेच देवघरात दगडाचं झालं.

आणि याच लेण्यात नावं कोरलेली आहेत. कितीतरी! खांब कुणी दिला, गाव कोणतं, धंदा काय, सगळं ब्राह्मीत. धेनुकाकट गावचे यवन आहेत, वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. ही झाली दात्यांची नावं, पैसेवाल्यांची. पण दाराशी एक नाव वेगळं आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. त्याने काय केलं, तर दर्शनी दार केलं. बापाच्या नावासकट एका सुतारावर कुणीतरी एक ओळ खर्च केली आणि म्हणून आज आपण त्याला ओळखतो. आमच्याकडे गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव राहतं. कार्ल्याच्या दारावर तेच आहे, फक्त सर्व्हर जरा जुना :-)

मग दगडात मडकी कोरली, पण मडकी करणाऱ्याचं काय? त्यांचाही एक उल्लेख मला ठाऊक आहे, तो नाशिकच्या लेण्यात. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. कुणाकडे? गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. त्यात कुंभारांच्या श्रेणीकडे १,००० कार्षापण. व्याजातून औषधं, मुद्दल तसंच. म्हणजे एके काळी आपल्याकडे कुंभारांच्या संघाकडे लोक फिक्स्ड डिपॉझिट ठेवायचे, इतकी त्यांची पत होती. आणि मी कुंभार मावशींचे ६४० रुपये कापून आलो.

आता यावर कुणी म्हणेल, कशाला हवं नाव? कारागीर निनावी असण्यातच सौंदर्य आहे. हे म्हणणं फालतू नाही. जपानचा यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) याने हेच आयुष्यभर मांडलं. रोजच्या वापरातली भांडी सुंदर का, तर करणाऱ्याच्या मनात 'मी' नाही. हजारदा तीच रेघ मारताना हात मोकळा होतो आणि सौंदर्य आपोआप उतरतं. वाचताना पटतं. मावशींच्या लाटा पाहिल्या तर आणखी पटतं. पण मला एक शंका येते. ज्याचं नाव आधीच पुस्तकावर छापलेलं आहे त्याने दुसऱ्याच्या निनावीपणाचं कौतुक करणं सोपं असतं. निनावीपणा त्या कारागिराने निवडलेला असतो का? की त्याला कुणी विचारलेलंच नसतं?

याच्या उलट गोष्ट न्यू मेक्सिकोतल्या मारिया मार्टिनेझची (१८८७–१९८०). सान इल्देफोन्सो या आदिवासी गावातली ही बाई चाकाशिवाय, मातीच्या वळकट्या रचून भांडी करायची आणि तिचा नवरा हुलियन त्यांवर चित्रं काढायचा. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर काळीच पण मंद नक्षी, ही त्यांची खासियत. तिच्या गावात मडक्यावर सही करायची रीत नव्हती. १९२० च्या दशकात ती सही करू लागली, भाव वाढला, आणि पुढे तिच्या आणि हुलियनच्या अशा दोघांच्या नावाने भांडी जाऊ लागली. मला आवडलेला भाग पुढचा आहे. सहीमुळे जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर, गावातली दुसरी कुणी आपलं मडकं घेऊन आली की मारिया त्यावरही सही करून द्यायची! कलेच्या बाजाराच्या दृष्टीने हा घोटाळाच. पण तिला बाजार बरोबर कळला होता. लोक मडक्याला नाही, नावाला पैसे देतात.

'मारिया आणि हुलियन' या जोडीवरून आपल्याकडची एक गोष्ट लक्षात येते. परंपरेने आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाकावर पुरुष बसतो. माती मळणं, चाळणं, चुली आणि पोळ्याचे बैल हाताने घडवणं, काव देणं, चुन्याच्या रेघा काढणं, हे बायकांचं. बारा बलुतेदारांच्या यादीत 'कुंभार' आहे, म्हणजे चाकावरचा तो. रेघ काढणारी त्या यादीत नाही. लग्नात करा लागतो, बोहल्याला मडक्यांच्या उतरंडी लागतात, संक्रांतीला सुगड लागतं, घट बसवायला घट लागतो. आपल्या सगळ्या शुभकार्यांत तिची रेघ हजर असते, फक्त ती कुणाची ते आपल्याला सांगता येत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं उत्खनन केलं. साधारण साडेतीन ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथली जोर्वे धाटणीची भांडी म्हणजे लाल अंगावर काळ्या रेघा. चौकटी, तिरप्या रेघा, नागमोडी. हो, नागमोडी! माझं 'ओरिजिनल' डिझाइन निदान तीन हजार वर्षं जुनं निघालं.

कार्ल्याहून उतरलो आणि बायकोला म्हटलं, दुपारी एका गावाला जायचंय.

मावशी अंगणात बैल घडवत बसल्या होत्या. मी आधीच ठरवलेलं वाक्य घाईघाईने म्हणून टाकलं, की त्या बत्तीस सुगडांचे पैसे द्यायला आलोय. त्या हसायला लागल्या. "कशाचे पैसे? ती गेली की कामशेतच्या बाजारात. पंचवीसला एक. बायांना पानाची नक्षी लई आवडली." म्हणजे माझे फेल झालेले नग माझ्यापेक्षा पाच रुपये जास्त देऊन लोकांनी नेले होते. झाली ना फजिती!

मग मी त्या तीन खळग्यांबद्दल विचारलं. म्हणाल्या, "आवा येकच हाय ना. माझी नि जावंची मडकी येकत्र भाजत्यात. वळखायची कशी? माझं तीन, तिचं दोन. सासूचं तीन हुतं, त्येच म्या धरलं."

मंडळी, जो मला डिफेक्ट वाटला होता ती सही होती. वर्षानुवर्षं प्रत्येक मडक्याच्या गळ्याशी होती. वाचता येत नव्हती ती मला.

मी जरा भारावून म्हणालो, मावशी, मग नावच लिहीत जा ना अक्षरात. त्यांनी हातातल्या बैलाला वशिंड लावलं, अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, "नावाचं किती देनार?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. नुसतं नाव लिहून, फोटो काढून, 'लोकल आर्टिसन' असं काहीतरी खाली टाकून आपण मोकळे होतो आणि भाव मात्र वीसच ठेवतो, तर त्यापेक्षा निनावी राहिलेलं बरं. नाव आणि दाम वेगळे करता येत नाहीत. नाशिकच्या त्या श्रेणीचं नाव दगडावर आलं ते तिच्याकडे पत होती म्हणून. आपण दुकानात 'हॅण्डमेड'च्या चिठ्ठीला हजार-बाराशे देतो, आणि जिच्या हाताने घडलं तिच्याकडे मात्र घासाघीस करतो, वर एकसारखेपणाही मागतो. एकसारखं हवं तर साच्यातलं घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही, स्वस्तही पडतं. पण हाताचं घ्यायचं तर हाताला हातासारखं वागू द्यावं आणि त्याचे पैसे द्यावेत.

माझ्यापुरतं मी ठरवलंय ते सांगतो. पुढच्या संक्रांतीला पुन्हा १५० सुगडं, तीस रुपये नग, अर्धे पैसे आधी, आणि डिझाइनचा कागद नाही. ऑफिसातल्या समितीत हे मांडलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "पण सगळ्या टेबलांवर वेगवेगळी दिसतील त्याचं काय?" मी म्हटलं, टेबलांवर माणसं तरी कुठे एकसारखी बसतात? दुसरा प्रश्न कार्डाचा होता. तिळगुळासोबत एक छोटं कार्ड असतं, त्यावर यंदा कंपनीचा लोगो होता. पुढच्या वेळी त्यावर या रेघा कुणाच्या ते लिहायचं आहे. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "माझं येकलीचं नगं. जावंचं बी ल्ह्या." तर दोघींचं लिहू. लोगो कुठे घालायचा यावर अजून चर्चा चालू आहे. त्यांची नावं मी इथे मुद्दामच देत नाही. कार्डावर लिहायला त्यांनी सांगितलंय, जालावर लिहायला नाही.

निघताना बैलांची एक जोडी घेतली. भाजायची होती, मग मित्राबरोबर मागवली. ती आता माझ्या मॉनिटरशेजारी उभी आहे. डाव्या बैलाचं शिंग उजव्यापेक्षा जरा मोठं आहे आणि दोघांच्याही पोटाखाली तीन खळगे आहेत. शेजारी माझा वाडगाही आहे, बुडाला माझ्या नावासकट. त्यात मी पेपरक्लिपा ठेवतो. दुसऱ्या कशालाच तो उपयोगी नाही.

यंदा संक्रांतीला घरी आणलेलं सुगड अजून फुटलं नसेल, तर एकदा उन्हात धरून गळ्याशी बघा. खळगा, रेघ, काहीतरी सापडेल कदाचित. आणि पुढच्या वर्षी घ्यायला जाल तेव्हा "केवढ्याला?"च्या आधी "रेघा कुणी काढल्या?" असं विचारून बघा.

असो. सोमवारचं रिलीज मंगळवारी गेलं. बग माझ्याच ओळीत होता, आणि पुढे माझं नाव होतं.